लेणी, पाऊस आणि पाच गाद्यांची खोली

अजिंठा-वेरूळच्या पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा धरला जातो. मार्च ते सप्टेंबर हा बिगरहंगाम. त्यात खरे तर दोन वेगवेगळे ऋतू येतात: मराठवाड्याचा भाजून काढणारा उन्हाळा, आणि डोंगर हिरवे करणारा पण कपडे वाळू न देणारा पावसाळा. लॉजवाल्यांच्या भाषेत मात्र दोन्हींना एकच शब्द आहे. फोन लावला की पलीकडून उत्तर येते, ‘‘या ना, सध्या ऑफ चालू आहे.’’ मुलांना मोठी सुट्टी मे महिन्यात असते, लेण्यांभोवतीचे धबधबे जुलैनंतर वाहतात आणि खिसा कायमच बेताचा असतो. त्यामुळे मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाची लेण्यांची सहल बहुतेक वेळा या ‘ऑफ’मध्येच पडते. तशी ही परंपरा जुनी म्हणायची. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपले नाव आणि तारीख कोरून गेलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोहोचला तो २८ एप्रिल १८१९ रोजी, म्हणजे भर वैशाखवणव्याच्या तोंडावर.

मुक्कामाची जागा निवडताना सर्वसाधारणपणे आधी दर पाहिला जातो, मग फोटो, आणि शेवटी पत्ता. या सहलीत हा क्रम उलटा करावा लागतो. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही राष्ट्रीय महत्त्वाची संरक्षित स्मारके असून १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्यांचे वेळापत्रक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवते. अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. वेरूळ सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला मिटते. अजिंठ्याला सकाळी ९ शिवाय आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी ५ वाजता बाहेर काढतात. दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा यांना साप्ताहिक सुट्टी नाही. एवढी माहिती कागदावर लिहून घेतली की कोणत्या रात्री कुठे झोपायचे, हा प्रश्न निम्मा सुटतो. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा घेणारे कुटुंब अजिंठा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवते आणि बंद फाटक पाहून परत फिरते. हे दरवर्षी घडते आणि दरवर्षी दोष फाटकावरच्या चौकीदाराला दिला जातो.

कायद्याचा आणखी एक परिणाम मुक्कामावर होतो. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणून ‘लेण्यांना लागून’ अशी जाहिरात करणारी नवी इमारत दिसली की नकाशा उघडून अंतर मोजावे. अजिंठ्याला तर खाजगी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला ती उभी करायची आणि पुढचे सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. ‘लेणी दर्शन’, ‘केव्ह व्ह्यू’ असल्या नावांच्या खोल्यांच्या खिडकीतून बहुधा शेजारच्या लॉजची पाण्याची टाकी दिसते.

राहायला मुख्यतः तीन ठिकाणे आहेत: छत्रपती संभाजीनगर शहर, वेरूळ आणि फर्दापूर. शहरापासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी जळगाव हे चौथे; तिथून अजिंठा ६० किलोमीटरच्या आसपास आहे. पण मे महिन्यात जळगावात मुक्काम करण्याचा सल्ला खुद्द जळगावकरही देणार नाहीत.

बहुतेक कुटुंबे शहरातच तळ ठोकतात. त्यात चूक काही नाही. रेल्वे स्टेशनचा परिसर, मध्यवर्ती बसस्थानक, क्रांती चौक, सिडको या भागांत स्वस्त लॉजपासून बऱ्या हॉटेलांपर्यंत सगळे मिळते, औषधाचे दुकान रात्री दहालाही उघडे असते आणि जेवणाची चिंता नसते. गैरसोय फक्त अजिंठ्याच्या दिवशी कळते. शहरातून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव असा रस्ता धरून घाट उतरायचा म्हणजे सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तेवढेच. हा रस्ता कित्येक वर्षे कामासाठी खोदून ठेवलेला होता. आता बराच सुधारला आहे, पण पावसात आणि अंधारात त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. आजी-आजोबा मागच्या सीटवर असतील, तर पाच तासांचा प्रवास आणि चार तासांची लेण्यांतली चढउतार एका दिवसात बसवणे हा अन्याय आहे.

वेरूळला राहण्याचा फायदा पहाटेचा. शहरातून निघालेल्या गाड्या नऊ-साडेनऊच्या आत पोहोचत नाहीत, आणि लेणी उघडतात सूर्योदयाला. मधले दोन-तीन तास वेरूळमध्ये झोपलेल्या माणसाचे असतात. त्या वेळी कैलास लेण्याच्या प्रांगणात पोपट, खारी आणि झाडू मारणारे दोन कर्मचारी यांच्याखेरीज फारसे कोणी नसते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली खोदत आणलेले हे मंदिर गर्दीत पाहणे आणि एकट्याने पाहणे, यात पुष्कळ फरक आहे. उन्हाळ्यात तर हा फायदा दुप्पट होतो. दहानंतर कातळ तापू लागतो, आणि १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन अशी चौतीस लेणी त्या उन्हात पायी करायची, तर लहान मूल सोळाव्यालाच बसकण मारते.

वेरूळमधल्या स्वस्त निवासांचे खरे गिऱ्हाईक लेणी पाहणारे नाही. ते म्हणजे घृष्णेश्वराचे भाविक. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले हे ज्योतिर्लिंगाचे मंदिर लेण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे गावात भक्तनिवास, साधे लॉज आणि घरातल्याच दोन खोल्या भाड्याने देणारी मंडळी बरीच आहेत. भक्तनिवासात दर कमी, खोली स्वच्छ आणि नियम कडक: रात्री ठरावीक वेळेला फाटक बंद, मांसाहार व मद्य वर्ज्य, टीव्ही बहुधा नाही. मुले कुरकुर करतात, आजी-आजोबांना मात्र घरच्यासारखे वाटते.

याच कारणाने पावसाळ्यातले काही आठवडे वेरूळपुरते ‘ऑफ’ राहत नाहीत. श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराला रांगा लागतात. शेजारच्या खुलताबादेत भद्रा मारुतीसाठी श्रावणातल्या शनिवारी शहरातून रात्रभर पायी चालत येणाऱ्यांची रीघ असते. दौलताबादजवळ शहरातून इकडे येणारा रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटबंदीतल्या अरुंद दरवाजातून जातो. समोरासमोर दोन बस आल्या की सगळे ठप्प. श्रावणात शुक्रवारी रात्रीपासून सोमवारपर्यंत वेरूळमध्ये स्वस्त खोली शोधणे व्यर्थ आहे. तेच कुटुंब मंगळवारी रात्री गेले, तर मॅनेजर हवी ती खोली उघडून दाखवतो. अर्थात मंगळवारी लेणी बंद असतात, पण रात्री झोपून बुधवारी पहाटे लेण्यांत जाणाऱ्याला त्याचे काय? हे गणित जमवता आले, तर पावसाळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निवांत रात्र हाती लागते.

तिसरे ठिकाण फर्दापूर. घाटाच्या पायथ्याचे हे गाव लोक गाडीच्या काचेतून पाहतात आणि पुढे जातात. वास्तविक अजिंठ्याच्या वाटेवर मुक्कामाचा इतिहास असेल, तर तो इथे आणि घाटावरच्या अजिंठा गावात. दोन्हीकडे औरंगजेबाच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या सराया आहेत. लेण्यांचा पत्ता जगाला लागण्याच्या आधीपासून वाटसरू इथे रात्र काढत. रॉबर्ट गिल १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला, आणि त्याची साथीदार पारो हिची १८५६ची कबर त्याच गावात आहे. पुढे १९०९ ते १९११ या काळातल्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी चित्रांच्या नव्या नकला करवून घेतल्या, तेव्हा त्यांच्या मंडळींनी फर्दापुरात तंबू ठोकले. त्या मंडळींत कलकत्त्याहून आलेले तरुण चित्रकार नंदलाल बोस होते. तंबूतल्या थंडीची तक्रार त्यांनी केली असेल की नाही कोण जाणे. पाण्याच्या टाकीची तक्रार मात्र करावी लागली नसणार.

आज फर्दापुरात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खाजगी लॉज आहेत. महामंडळाच्या ठिकाणी बाग, गाडी लावायला प्रशस्त जागा आणि जुन्या पद्धतीच्या मोठ्या खोल्या हे गुण; मागणी कमी असताना देखभाल रेंगाळते, हा अवगुण. आरक्षण संकेतस्थळावरून करता येते. ज्येष्ठ नागरिक वगैरेंच्या सवलती वेळोवेळी असतात, पण न विचारता त्या लागत नाहीत. सरकारी विश्रामगृहाच्या भरवशावर कोणी निघू नये. ओळखीने खोली मिळाली, तरी रात्री आठला एखादा साहेब आला की सामान व्हरांड्यात येते.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबात सहा माणसे. आई-वडील सत्तरीच्या पुढचे, मुले नऊ आणि चौदा वर्षांची. मुलांना शाळेची तीन दिवस दांडी मारायला लावून आषाढातल्या एका बुधवारी आम्ही पुण्याहून निघालो. अहिल्यानगर, नेवासे फाटा असा नेहमीचा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता. पहिली रात्र शहरात, दुसरी वेरूळला, तिसरी फर्दापूरला असा बेत होता. शहरातली खोली फोनवर ठरवली होती, आणि सहलीतली एकमेव फसगत तिथेच झाली.

लॉज स्टेशनजवळचे. खोली ऐसपैस, चादरी धुतलेल्या, दर वाजवी. ‘‘गरम पाणी आहे ना, भाऊ?’’ असे आईने विचारून घेतले होते. ‘‘चोवीस तास, मावशी,’’ असे उत्तर आले होते, आणि ते खोटे नव्हते. पाणी गच्चीवरच्या सोलरचे होते आणि चार दिवस शहरावर ढग होते. पहाटे साडेपाचला नळातून आले ते विहिरीचे म्हणावे असे. आईने हात घालून पाहिला आणि बाथरूममधूनच विचारले, ‘‘अरे, हे गरम पाणी कालचं म्हणायचं की उद्याचं?’’ शेवटी खालच्या पोऱ्याने गॅसवर पातेली तापवून बादलीमागे वीस रुपयांप्रमाणे वर आणून दिली. सहा बादल्या, दोन जिने, आणि आम्हाला निघायला झालेला दीड तासाचा उशीर. तेव्हापासून आमच्या घरात प्रश्न बदलला आहे. गरम पाणी आहे का, असे कोणी विचारत नाही. गीझर आहे की सोलर, आणि वीज गेली तर काय, असे विचारतात.

उन्हाळ्यात हाच प्रश्न साध्या पाण्याबद्दल विचारावा लागतो. संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी येते खरे, पण शहरातल्या नळांना ते काही काही दिवसांच्या अंतराने सुटते, आणि लॉज टँकरवर चालतात. मोठी हॉटेले हे गिऱ्हाइकाला जाणवू देत नाहीत. स्वस्त लॉजमध्ये मात्र दुपारी दोननंतर नळ फुसफुसतो. म्हणून खोली ताब्यात घेण्याआधी बाथरूममधला नळ पूर्ण सोडून दोन मिनिटे वाहू द्यावा. धार बारीक होत गेली, तर टाकी छोटी आहे किंवा तळ गाठत आली आहे, असे समजावे. मोठी बादली आणि मग आहे का, तेही तेव्हाच पाहावे. एका बादलीत सहा माणसांची अंघोळ हे काम शॉवरच्या भरवशावर होत नाही.

पावसाळ्यातल्या खोलीची परीक्षा नाकाने करायची असते. बिगरहंगामात निम्म्या खोल्या आठवडे-आठवडे बंद असतात आणि गिऱ्हाईक आले की त्यांतली एक उघडून, उदबत्ती लावून दाखवतात. उदबत्तीचा वास फार येत असेल, तर जरा थांबावे. ब्लँकेटची घडी उलगडून आतली बाजू हुंगली की कुबटपणा लगेच कळतो. खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवला तर ओल लागते, आणि रंगाचे पापुद्रे नखाला येतात. अशी खोली दिसली की रागावण्याचे कारण नसते. ‘‘दुसरी दाखवा,’’ एवढेच म्हणावे. रिकाम्या लॉजमध्ये दुसरी खोली नेहमीच असते, आणि मॅनेजरलाही ते अपेक्षितच असते. तळमजल्याची खोली वडीलधाऱ्यांना सोयीची, पण पावसात तिथे किडे आणि बेडूक येतात. पहिल्या मजल्यावर ते येत नाहीत, पण लिफ्ट नसते. आमच्याकडे हा वाद दर सहलीला होतो. तोडगा ठरलेला आहे: आई-वडील खाली, खिडकीला जाळी असेल तर, बाकीचे वर. पाश्चात्त्य पद्धतीचा संडास मात्र खालीच हवा, त्यावर तडजोड नाही.

कुटुंबासाठी खोली घेताना माणसांची मोजणी आधी स्पष्ट करावी. दोन खोल्या घ्यायच्या, की एक मोठी घेऊन जादा गाद्या मागायच्या? बऱ्याच जुन्या लॉजमध्ये चार कॉटची ‘फॅमिली रूम’ असते. धर्मशाळेच्या काळाचे ते अवशेष. अशी खोली आणि वर एक गादी मिळाली, तर दोन खोल्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि मुले रात्रभर हसत राहतात. झोप हवी असलेल्यांनी दोन खोल्या घ्याव्यात. जादा गादीचा दर, ती कधी मिळणार आणि तिच्याबरोबर उशी-पांघरूण आहे की नाही, हे आधी बोलून घ्यावे. लहान मुलांना पैसे नाहीत, असे प्रत्येक जण सांगतो. ‘लहान’ म्हणजे पाच वर्षांपर्यंत की बारा, हे प्रत्येकाचे वेगळे. चेक-आऊटचे दोन प्रकार अजून चालू आहेत. काही ठिकाणी दुपारी बाराचा हिशेब, तर काही जुन्या लॉजमध्ये ज्या वेळेला आलात तिथून चोवीस तास. संध्याकाळी सहाला पोहोचणाऱ्या कुटुंबाला दुसरा प्रकार फार सोयीचा पडतो. सामान खोलीत ठेवून दिवसभर फिरता येते.

घासाघीस जरूर करावी, पण काउंटरवर उभे राहून. ॲपवर दिसणारा दर आणि समोरासमोरचा दर यांत ऑफमध्ये बराच फरक पडू शकतो, कारण मधल्या कंपनीचे कमिशन वाचते. ते नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनेच पडते असे मात्र नाही. आधी ॲपवरचा आकडा पाहून ठेवायचा, मग फोन करायचा आणि दोन रात्रींचा किंवा दोन खोल्यांचा दर विचारायचा. करांचाही हिशेब करून घ्यावा. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. मग तो १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के आहे. म्हणजे १,८०० रुपयांच्या खोलीचे १,८९० होतात. जुन्या सवयीने कोणी बारा टक्के लावले, तर पावती मागावी. अगदी छोट्या, नोंदणी नसलेल्या लॉजला हा कर लावताच येत नाही; तिथे दर ठरला तोच शेवटचा.

परदेशातून आलेले नातेवाईक बरोबर असतील, तर आणखी एक खबरदारी. परदेशी पासपोर्टच्या पाहुण्याची माहिती लॉजला ठरावीक फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते, आणि ती व्यवस्था नसलेली स्वस्त लॉज अशा पाहुण्याला सरळ नकार देतात. बोस्टनहून आलेल्या भावाला घेऊन रात्री नऊला दारोदार फिरण्यापेक्षा हे फोनवर विचारलेले बरे. लेण्यांच्या तिकिटात मात्र ओसीआय कार्डधारकांना २०२१ पासून भारतीयांचाच दर लागतो. अजिंठा आणि वेरूळ यांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना काहीच नाही. कार्ड घरी विसरले, तर एका माणसामागे ५६० रुपयांचा फटका. तेवढ्यात फर्दापुरात चौघे पोटभर जेवतात.

भाड्याची गाडी असेल, तर ड्रायव्हर कुठे झोपणार, हाही मुक्कामाच्याच निवडीचा भाग आहे. तो बहुतेक कुटुंबे विसरतात. काही लॉजमध्ये ड्रायव्हरसाठी सामायिक खोली असते, काहींमध्ये गाडीची सीट मागे पाडून दिली जाते. रात्रभर डासांशी झुंजलेला माणूस सकाळी अजिंठ्याचा घाट उतरवणार, हे लक्षात घेऊन त्याच्या खाटेचे पैसे खुशाल द्यावेत.

वेरूळची रात्र आमची शांत गेली, आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला आम्ही कैलासात होतो. एकोणतिसाव्या लेण्याजवळची सीतेच्या न्हाणीचा धबधबा पडत होता आणि त्याचा आवाज वाटेवरून ऐकू येत होता. दुपारी निघून खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड असे करत पाचच्या सुमारास आम्ही फर्दापूर गाठले. उजेड असताना घाट उतरण्याचा हट्ट वडिलांचा होता, आणि तो योग्यच होता. घाटात ढग उतरले होते. लॉजमध्ये आम्ही धरून दोनच बिऱ्हाडे. ऑफमध्ये स्वयंपाकघर रोज पेटत नाही, त्यामुळे आल्याबरोबर जेवण सांगून ठेवावे लागते. आठ वाजता विचारले, तर बिस्किटे मिळतात. आम्ही पाचला सांगितले, म्हणून साडेआठला शेवभाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा आला. भाकरी करणाऱ्या बाईंनी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी वेगळी बिनतिखटाची भाजी विचारून केली. वीज दोनदा गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालला.

फर्दापूरला झोपण्याचे फळ सकाळी नऊला मिळते. टी-पॉइंट तिथून जवळच, पहिल्या बसमध्ये जागा, आणि लेण्यांच्या पायऱ्या चढताना मागे गर्दी नाही. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. अकरानंतर तिथे बाहेर ताटकळावे लागते. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आम्ही जवळजवळ एकांतात पाहिला. मंद दिव्यात डोळे सरावायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि मागून कोणी ढकलत नसेल, तरच ती मिळतात. वडिलांनी डोलीला नकार दिला, पण सतराव्या लेण्यापाशी तो मागे घेतला.

पावसात एक बारीक गोष्ट त्रास देते. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात, बाहेरचा कट्टा ओला असतो, आणि दुसऱ्या लेण्यापर्यंत सगळ्यांचे मोजे चिंब होतात. मुक्कामाशी याचा संबंध असा की, मोजे रात्री वाळायला हवेत, आणि बंद, ओलसर खोलीत ते वाळत नाहीत. पंख्याखाली दोरी बांधता येईल असे दोन खिळे भिंतीला आहेत का, हे आता आम्ही खोली पाहतानाच पाहतो. दोरी घरून नेतो.

शनिवारी दीड वाजता टी-पॉइंटवरून निघालो आणि रात्री साडेनऊला पुण्यात होतो. चौथी रात्र शहरात काढून रविवारी निघणे जास्त सुखाचे झाले असते, पण आषाढातल्या त्या शनिवारी शहरातल्या लॉजचा दर बुधवारपेक्षा तीनशेने जास्त सांगितला गेला. विचारले तर म्हणाले, लग्न आहे. तीन रात्रींत सर्वांत कमी पैसे फर्दापूरचे लागले, आणि पुन्हा जायचे झाले तर मधली वेरूळची रात्र ठेवून शहरातली तेवढी गाळू.